हात राखण्याची विद्या

मनुष्याच्या शरीरातील सांध्यांमध्ये कोपराचे महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण कर्तृत्वाचा सारा मान पंजाकडे जातो आणि बळाचा मान दंडाकडे. परंतु पंजा तोंडापर्यंत, कपाळापर्यंत, नांगराच्या रुमण्यापर्यंत वा कागदावरील ओळीपर्यंत नेऊन पोहोचविण्याचे काम हा मधला सांधाच करीत असतो, आणि तो एकदा आखडला म्हणजे पाचही बोटे शाबूत असूनही माणसाला स्वतःच्या हाताने घास घेता येत नाही. दंडाचे एक आणि पुढल्या हाताची दोन अशी तीन हाडे येथे एकत्र येतात, आणि हात दुमडणे-पसरणे व तळहात उताणा-पालथा करणे या दोन सर्वस्वी निराळ्या गती तीन हाडांच्या या एका संगमावर सुखाने नांदतात. शिवाय हाताची मुख्य धमनी आणि तीन प्रमुख मज्जातंतू येथून इतक्या लगटून जातात की, कोपरावर पडलेला आघात एकट्या हाडाचा असा क्वचितच राहतो.

या सांध्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहू लागले असता शस्त्रे कोणती आली आणि औषधे कोणती निघाली, यापेक्षा शल्यवैद्यांनी यश कशाला म्हटले हा प्रश्न अधिक उद्बोधक ठरतो. प्रथम प्राण वाचले की यश मिळाले असे मानीत. पुढे हात वाचला पाहिजे असे वाटू लागले. त्यानंतर वाचलेला हात हलला पाहिजे असा आग्रह आला. आणि अखेरीस त्या हातातील हुन्नर परत आला पाहिजे, येथवर ही अपेक्षा येऊन पोहोचली. मापाची ही वाढ आपोआप झाली नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी प्रचलित शिरस्ता अपुरा मानला आणि त्यासाठी आपली प्रतिष्ठा पणाला लावली.

आपल्याकडील परंपरेत कोपराचा विचार पुष्कळ प्राचीन काळी झालेला आढळतो. सुश्रुतसंहितेत या सांध्याला कूर्पर म्हटले असून त्याची गणना बिजागरीप्रमाणे चालणाऱ्या कोर सांध्यांत केली आहे, आणि वैकल्य उत्पन्न करणाऱ्या मर्मांत त्याला स्थान देऊन तेथील आघाताने हात लुळा व आखूड होतो, असे सांगितले आहे. भग्नचिकित्सेच्या अध्यायात निखळलेला कोपर अंगठ्याने चाचपून, दाबून जागी बसवावा, नंतर हात पसरून व दुमडून पाहावा आणि त्यावर स्नेहाचे सिंचन करावे, असा क्रम दिला आहे. मोडलेल्या अवयवाला आधार देण्यासाठी उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली आणि बांबू यांची योजना सांगितली आहे. परंतु या साऱ्यांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बंधनाविषयीचा विवेक. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही, अतिशय घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पाक होतो, म्हणून मध्यम बंधनच प्रशस्त होय, आणि ते शीतकाळी सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, असा तो उपदेश आहे. या विवेकाची किंमत युरोपला एकोणिसाव्या शतकात पुन्हा नव्याने मोजावी लागली, आणि आपल्या खेड्यापाड्यांतून ती अद्यापही कोठे कोठे मोजावी लागते.

युरोपात दीर्घकाळपर्यंत चिरडलेल्या किंवा सडलेल्या कोपरावर एकच मोठा इलाज होता, तो म्हणजे हात कापणे. 1536 साली फ्रेंच फौजेबरोबर इटलीत तैनात असलेल्या आंब्रूआज पारे या तरुण शल्यविशारदाने कोपराच्या सांध्यातून हात विलग करण्याची शस्त्रक्रिया केली, आणि अशा शस्त्रक्रियेचा नमूद झालेला तो पहिलाच दाखला समजतात. भूल नाही, जंतूंचे ज्ञान नाही, आणि रणांगणावरील प्रत्येक जखम पू धरणारच अशी खात्री. अशा स्थितीत हात गेला तरी माणूस उरला हेच वैद्याचे भाग्य. त्या काळच्या शल्यवैद्यांना क्रूर ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्यांच्यापुढे पर्यायच दोन होते, आणि त्यांपैकी जो जगण्याकडे नेई तो ते स्वीकारीत.

तिसरा पर्याय सुचविण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत लिव्हरपूल या बंदराच्या शहरातील हेन्री पार्क हे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याच्या रुग्णालयात खलाशांची वर्दळ असे, आणि हात किंवा पाय गमावलेल्या खलाशाचा रोजगार कायमचा बुडे, ही गोष्ट तो रोज पाहत होता. अवयव कापण्याऐवजी फक्त किडलेल्या सांध्याची हाडांची टोके कापून काढावीत आणि उरलेला अवयव राखावा, अशी तजवीज त्याने 1781 साली एका खलाशाच्या गुडघ्यावर करून पाहिली. तो खलाशी बरा होऊन पुन्हा समुद्रावर चाकरीस गेला. हीच रीत कोपरालाही लागू करावी असे पार्कचे मत होते, आणि त्याने ती मृतदेहावर करून पाहिली होती. हा सारा मजकूर त्याने आपले गुरू पर्सिव्हल पॉट यांना पत्ररूपाने लिहिला आणि तो 1783 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1794 साली फ्रान्समधील बार या गावच्या मोरो नामक शल्यवैद्याने कोपराचा संपूर्ण सांधा काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि त्याच्या मुलाने पित्याचा अनुभव ग्रंथबद्ध केला. पार्क आणि मोरो यांचे लेखन एकत्र करून ग्लासगोच्या जेम्स जेफ्री या प्राध्यापकाने 1806 साली पुस्तक काढले. हाडाच्या मागून साखळीप्रमाणे ओवून चालविण्याची एक नाजूक करवत त्याने खास या कामासाठी योजिली होती, कारण आजूबाजूची धमनी व तंतू न दुखावता हाड कापणे हीच खरी अडचण होती. इतके होऊनही बहुसंख्य शल्यवैद्य जुन्याच वाटेने जात राहिले. सांधा काढण्यास वेळ फार लागे आणि हात कापणे क्षणांत उरके. आणि रुग्ण शुद्धीवर असताना प्रत्येक क्षण यातनेचा होता.

हा विरोध मोडून काढला तो एडिंबरोच्या जेम्स साइम याने. तेथील मोठ्या सरकारमान्य रुग्णालयात त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा त्याने 1829 साली मिंटो हाउस या वाड्यात स्वतःचे लहानसे रुग्णालय उघडले, आणि कोपरावरील आपल्या शस्त्रक्रियांच्या अनुभवावर विसंबून 1831 साली व्याधिग्रस्त सांध्यांच्या छेदनावर प्रबंध प्रसिद्ध केला. क्षयाने पोखरलेला कोपर काढून टाकल्यावर हाडांच्या टोकांमध्ये तंतुमय ऊतक भरून येते, तो नवा सांधा काहीसा लेचापेचा असला तरी दुमडतो आणि पसरतो, आणि असा हात कृत्रिम हातापेक्षा कितीतरी पटीने उपयोगी असतो, हे त्याने रुग्ण दाखवून सिद्ध केले. भुलीचा शोध लागण्यास अद्याप पंधरा वर्षे अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे साइमच्या हाताचा वेग आणि त्याच्या रुग्णांचे धैर्य या दोहोंविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही. पुढे 1848 ते 1850 च्या श्लेस्विग-होल्श्टाइन युद्धात श्ट्रोमायर आणि त्याचा शिष्य एस्मार्ख या जर्मन शल्यवैद्यांनी बंदुकीच्या गोळीने फुटलेल्या कोपरावर हीच शस्त्रक्रिया केली, आणि रणांगणावरही हात राखता येतो असे जगाला दाखवून दिले. यशाचे दुसरे माप येथे प्रस्थापित झाले.

मध्यंतरी 1846 साली ईथर आणि 1847 साली क्लोरोफॉर्म आल्याने घाईचे कारण उरले नव्हते; आणि साइमचा जावई जोसेफ लिस्टर याने 1867 साली कार्बॉलिक आम्लाच्या योगाने जखमा निर्विष राखण्याची पद्धत प्रसिद्ध केल्यावर सांधा उघडण्याची भीतीही ओसरू लागली. 1877 मध्ये लंडनला त्याने गुडघ्याची तुटलेली वाटी चांदीच्या तारेने शिवली. परंतु तत्पूर्वीच कोपराच्या टोकाच्या तुटलेल्या हाडावर त्याने असाच प्रयोग केलेला होता. कोपर टेकताना जे टोक आपल्याला जाणवते त्याला दंडामागचा बळकट स्नायू जोडलेला असतो. हाड तुटले की तो स्नायू तुकडा वर ओढून नेतो आणि हात जोर लावून सरळ करता येत नाही. अशा हाडाला बाहेरून कितीही बांधले तरी भेग मिटत नाही. ते आतूनच जोडले पाहिजे, हा विचार आज सामान्य वाटतो. पण कातडी न फाटलेल्या हाडावर आपण होऊन सुरी चालविणे हे त्या काळी जिवाशी खेळणे मानले जाई.

तथापि शस्त्रविद्येच्या या चढत्या कमानीत दोन अपयशांची नोंद मला तितकीच महत्त्वाची वाटते. मिलानच्या जोव्हान्नी मोंतेज्जा याने 1814 साली एका मुलीची हकीकत लिहून ठेवली: पुढल्या हाताचे एक हाड मोडले म्हणून त्याने ते बांधले, महिन्याभराने पट्टी सोडली तो दुसऱ्या हाडाचे डोके कोपरापाशी निखळलेले होते, आणि हात पसरताच ते पुनःपुन्हा जागचे सुटू लागले. एक हाड मोडले असता दुसरे निखळलेले असू शकते, हा धडा त्याने आपल्या अपयशातून, क्ष-किरणांच्या ऐंशी वर्षे आधी, वैद्यकाला दिला, आणि ती दुखापत आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुसरी नोंद जर्मनीतील हाले येथील रिचर्ड फोन फोल्कमान याची. हा पुरुष साहित्यिकही होता. फ्रान्सवरील मोहिमेत त्याने मुलांसाठी रचलेल्या कथा जर्मनीत घरोघर वाचल्या गेल्या. 1881 साली त्याने दाखविले की घट्ट पट्टीने रक्तपुरवठा तुटल्यास पुढल्या हाताचे स्नायू काही तासांतच मरतात, त्यांची चामड्यासारखी दोरी होते, आणि बोटे मुडपून पंजा जन्मभर पक्ष्याच्या नखीसारखा राहतो. पुढच्या पिढ्यांना कळले की पट्टी नसतानाही आतील सूज हेच अनर्थ घडवू शकते आणि वेळीच स्नायूंभोवतीचे वेष्टन चिरून तो टाळता येतो. पण मूळ इशारा फोल्कमानचाच. सुश्रुताने गाढ बंधनाविषयी जे बजावले होते त्याचेच हे नव्या भाषेतील समर्थन होय.

लिव्हरपूलकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण हाडे बसविण्याची लोकविद्या आणि शास्त्रीय शल्यविद्या यांचा संगम जगात कोठे सर्वांत स्पष्टपणे झाला असेल तर तो या शहरात. वेल्समधील ॲंगलसी बेटावरील एका हाडवैद्य घराण्यातील इव्हान टॉमस हा तेथे येऊन राहिला. त्याचा धंदा मोठा होता, पण पदवीधर डॉक्टरांनी त्याच्यावर पुनःपुन्हा फिर्यादी गुदरल्या. या खटल्यांनी त्रस्त होऊन त्याने आपल्या पाचही मुलांना वैद्यकाचे रीतसर शिक्षण दिले, आणि त्यांतील ह्यू ओवेन टॉमस याने घराण्याचे हस्तकौशल्य व शास्त्राचे शिक्षण यांचा मेळ घालून आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचा पाया रचला. दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र होते. नेल्सन स्ट्रीटवरील त्याच्या दवाखान्यात रविवारी गोरगरिबांना मोफत उपचार मिळत. त्याच्याच घरी वाढलेला रॉबर्ट जोन्स 1888 साली 36 मैलांच्या मँचेस्टर जहाज-कालव्याच्या कामावर मुख्य शल्यवैद्य नेमला गेला, आणि कालव्याच्या काठाने रुग्णालयांची साखळी उभारून त्याने हजारो मजुरांच्या मोडलेल्या हाडांवर देखरेख केली. कोपराच्या टोकाचे हाड वगळता सांध्याजवळचे बहुतेक अस्थिभंग हात पुरता दुमडून, गळ्यात अडकवून बरे करावेत, आणि मनगटाची नाडी लागते तेथपर्यंतच दुमडावे, हा त्याचा दंडक पुढे दोन पिढ्या पाळला गेला. 1924 साली लिव्हरपूल विद्यापीठाने या शास्त्राची स्वतंत्र पदवी सुरू केली, आणि हिंदुस्थानातील कितीतरी तरुण शल्यवैद्य ती घेऊन मायदेशी परतले. 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या रूपाने मुंबईत जी पाश्चात्य वैद्यविद्या रुजली होती, तिच्यात अस्थिशल्यशास्त्राची निराळी शाखा फुटण्यास लिव्हरपूलच्या या शाळेचे साहाय्य फार मोठे झाले. 1955 साली अखिल भारतीय अस्थिशल्यवैद्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा या शाखेला स्वतःचे घर मिळाले.

1895 च्या अखेरीस रोंटगेनने क्ष-किरण शोधले. ज्या सांध्यात मोंतेज्जाला बोटांनी चाचपून अंदाज बांधावा लागला होता, त्याचे चित्र आता काचेवर उमटू लागले. परंतु मुलाचा कोपर या चित्रातही फसवा असतो. कारण त्याचा बराच भाग कूर्चेचा असून तो दिसत नाही, आणि सहा निरनिराळी अस्थिकेंद्रे साधारण पहिल्या वर्षापासून अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत एकामागून एक प्रकटतात. पाच ते सात वर्षांचे मूल झाडावरून, ओट्यावरून किंवा गच्चीच्या कठड्यावरून पसरल्या हातावर पडते, आणि दंडाचे हाड कोपराच्या जरा वर, जेथे ते चपटे व पातळ असते, तेथे मोडते. मुलांच्या कोपराचा हाच सर्वांत नेहमीचा अस्थिभंग, आणि फोल्कमानने वर्णिलेला अनर्थ बहुधा याच्याच पाठोपाठ येई. 1948 साली स्वेन्सन याने हाड बाहेरूनच बसवून कातडीतून बारीक तारा घालण्याची रीत सांगितली. 1959 साली गार्टलंडने या अस्थिभंगाच्या तीन पायऱ्या आखून दिल्या. तारा घातल्यावर हात पुरता दुमडून ठेवण्याची गरज राहिली नाही, धमनीवरील ताण गेला, आणि जो अपघात एके काळी मुलाचा हात जन्माचा निकामी करी तो आज काही आठवड्यांच्या खंडापुरता उरला आहे. मात्र मूल वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचले पाहिजे.

येथे आपल्या हाडवैद्यांविषयी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. जेथे दहा कोसांत डॉक्टर नव्हता तेथे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच लोकांची हाडे बसविली, आणि त्यांच्या बोटांतील जाण खोटी नव्हती. टॉमसच्या घराण्याचा दाखला याला पुरेसा आहे. परंतु कोपराच्या बाबतीत त्यांच्या दोन सवयी घातक ठरतात. सुजलेल्या हातावर बांबूच्या कामट्या करकचून बांधणे ही एक; आणि आखडलेला सांधा मोकळा व्हावा म्हणून तेल लावून जोराने चोळणे व ओढणे ही दुसरी. या चोळण्याने सांध्यापुढील स्नायूत रक्तस्राव होऊन तेथे नवे हाड तयार होते, आणि जो कोपर धीराने सुटला असता तो कायमचा जखडतो. या विद्येला हिणवून हे थांबणार नाही. सुश्रुताचा मध्यम बंधनाचा नियम हाडवैद्याच्या मुलाला शिकविण्याने आणि सुजलेला, बधिर वा थंड पडलेला हात तत्काळ रुग्णालयात धाडण्याचा शिरस्ता त्याच्यात रुजविण्याने ते थांबेल.

कोपराला दीर्घ विश्रांती मानवत नाही, हे ज्ञान मात्र टॉमसच्या सूत्राच्या विरुद्ध दिशेने आले. प्रौढ माणसाचा कोपर महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला की आखडतो. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आदी शल्यवैद्यांनी एक अभ्यासमंडळ स्थापन करून असा आग्रह धरला की हाडाचे तुकडे पट्ट्या, मळसूत्रे व तारा यांनी इतके दृढ जोडावेत की सांधा लवकरच हलविता यावा. कोपराच्या टोकाच्या अस्थिभंगावर दोन सरळ तारा आणि आठच्या आकड्यासारखा वळसा अशी रचना त्यांनी प्रचारात आणली. हात दुमडताना स्नायूची जी ओढ तुकड्यांना दूर नेई, तीच ओढ या रचनेत सांध्याच्या बाजूने त्यांना घट्ट दाबते. लिस्टरच्या चांदीच्या तारेचे हे खरे उत्तराधिकारित्व. 1970 च्या सुमारास संधिवाताने झिजलेल्या कोपरासाठी धातूचे बिजागरीसारखे सांधे बसविले जाऊ लागले; पहिले ताठ सांधे हाडात सैल होत, म्हणून पुढे त्यांत थोडी बाजूची ढिलाई ठेवण्यात आली. 1981 साली अमेरिकेतील मायो क्लिनिकच्या मॉरे व सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखविले की नित्याच्या बहुतेक व्यवहारांना कोपर 30 ते 130 अंशांपर्यंत दुमडला तरी पुरतो. शल्यवैद्याने पूर्ण गतीचा हव्यास धरण्यापेक्षा ही शंभर अंशांची कमान साधावी, असे निश्चित लक्ष्य या मोजमापाने दिले.

चौथे माप, म्हणजे हुन्नराचे, क्रीडेने पुढे आणले. जर्मन वैद्य रुंगे याने 1873 साली लेखनिकांच्या कोपराच्या बाहेरील वेदनेचे वर्णन केले होते, आणि 1882 साली इंग्लंडात मॉरिसने तिचा संबंध टेनिसशी जोडला. तेव्हापासून ती टेनिस एल्बो म्हणून रूढ झाली, जरी तिचे बहुतेक रुग्ण सुतार, गवंडी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रिया असे असतात. हे दुखणे बहुधा विश्रांती व व्यायामाने वर्षभरात शमते. ज्यांचे शमत नाही अशा थोड्यांवर स्नायूच्या मुळाशी असलेला झिजका भाग काढण्याची शस्त्रक्रिया करतात. मुंबईच्या सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपरावर 2005 च्या मे महिन्यात लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा घरोघरी या दुखण्याची चर्चा झाली. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध 93 धावा काढून तो परतला आणि डिसेंबरात दिल्लीला त्याने पस्तिसावे कसोटी शतक पुरे केले. याहून धाडसी प्रसंग अमेरिकेचा. बेसबॉलचा गोलंदाज टॉमी जॉन याच्या डाव्या कोपराच्या आतील बाजूचा अस्थिबंध 1974 साली तुटला. त्या काळी याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता. फ्रँक जोब या शल्यवैद्याने 25 सप्टेंबर 1974 रोजी त्याच्या उजव्या हातातील, नसला तरी चालेल असा एक कंडरा काढून तो डाव्या कोपराच्या हाडांत छिद्रे पाडून ओवला. यशाची शक्यता शंभरात एक, असे त्याने आधीच सांगितले होते. टॉमी जॉन 1976 साली मैदानात उतरला, 1989 पर्यंत खेळला, आणि त्याच्या एकंदर 288 विजयांपैकी 164 या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

खेळाडूंच्या या कथा लोकांना प्रिय होतात, आणि त्या व्हाव्यातही. परंतु त्यांनी मिळविलेले माप खेळाडूंपुरतेच राहू नये, असे मला अंतःकरणपूर्वक वाटते. पार्कने पहिल्यांदा सुरी उचलली ती एका गरीब खलाशाचा रोजगार राखावा म्हणून, टॉमस रविवारी मजुरांसाठी बसे, जोन्सने कालव्यावरच्या हातांवर आपली विद्या तपासून घेतली. म्हणजे ही विद्या श्रमिकाच्या हातासाठी जन्मली. ऊस तोडणारी स्त्री, मळणीयंत्रावर राबणारा गडी, इमारतीच्या पराचीवरून पडलेला मजूर यांच्या कोपरावर उपचार करताना हाड जुळले आणि टाके निघाले, एवढ्यावर आपण समाधान मानत आलो आहो. पण हाड जुळल्यावर कोयता चालवता येतो की नाही, थापी धरता येते की नाही, हे पाहणे हाही उपचाराचाच भाग आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेइतकाच नंतरचा व्यायाम, त्यासाठी लागणारा वेळ, आणि त्या वेळात घर चालेल इतका आधार आवश्यक आहे. शास्त्राने चारही मापे सिद्ध करून ठेवली आहेत. त्यांतील कोणते माप कोणाच्या हाताला लावायचे हे ठरविणे आता समाजाकडे आहे, आणि सर्वांना एकच, शेवटचे माप लावणे यापरते या दीर्घ इतिहासाचे उचित ऋणमोचन दुसरे नाही.